आजीची जट, नातीच्या जटा

प्रश्न : पुण्यात नोकरी करणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. वडिलांच्या निधनानंतर वर्षभराने, म्हणजे सुमारे तीन वर्षांपूर्वी, त्यांनी गोव्यात हरमल येथे केसांचे ड्रेडलॉक्स, म्हणजे मुद्दाम गुंतवून केलेल्या जटा, करून घेतले. ते फॅशन म्हणून केलेले नाहीत, असे त्या आवर्जून लिहितात. आरशापुढे जाणारा वेळ वाचावा, शिवोपासनेची खूण अंगावर राहावी आणि वडील गेल्यानंतर सुरू झालेल्या शोधाला काही रूप मिळावे, अशी त्यांची भावना होती. जटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जमैकातील रास्ताफारी पंथाविषयीही त्यांनी बरेच वाचले आहे. कार्यालयात त्यांना कोणी हटकले नाही. आईने मात्र हे पहिल्या दिवसापासून स्वीकारलेले नाही, कारण आईच्या आईला, गडहिंग्लज भागातील आजीला, तिशीत ‘देवीची जट’ आली होती आणि ती मरेपर्यंत डोक्यावर राहिली. एसटीत आजीच्या शेजारी कोणी बसत नसे. गेल्या चैत्रात आजोळी गेल्यावर शेजारच्या एका वृद्ध बाईंनी वाकून या वाचक भगिनीला नमस्कार केला, केसांना हळदीकुंकू लावले आणि आजारी नातवाचे कसे होईल, असे विचारले. “मला काहीच बोलता आले नाही, मी नुसती उभी राहिले,” असे त्या लिहितात. तेव्हापासून आईने ‘कापून टाक’ असा धोशा लावला आहे. पत्राचा शेवट असा आहे : “दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेपायी मी माझी श्रद्धा का सोडावी? आणि खरे सांगायचे तर, कापायचा विचार मनात आला की काहीतरी अशुभ घडेल असे वाटत राहते. मी काय करावे?”

उत्तर :

तुमच्या पत्राच्या शेवटी दोन वाक्ये लागोपाठ आली आहेत. पहिल्यात तुम्ही गावातील लोकांच्या अंधश्रद्धेविषयी तक्रार करता आणि दुसऱ्यात, केस कापले तर काहीतरी अशुभ घडेल अशी स्वतःची भीती सांगता. मध्ये परिच्छेदही पाडलेला नाही. तुमच्या आजीच्या केसांचा गुंता कोणत्याही धारदार कात्रीने दहा मिनिटांत निघाला असता; तो आयुष्यभर डोक्यावर राहिला तो या दुसऱ्या वाक्यामुळे. ते वाक्य तुम्हाला कोणा देवऋष्याने सांगितलेले दिसत नाही, तरीही ते तुमच्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, आणि म्हणूनच ‘माझे ड्रेडलॉक्स वेगळे आणि आजीची जट वेगळी’ हे तुमचे गृहीतक मला तितकेसे पक्के वाटत नाही.

ज्या वाचकांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. जट येते ती बहुधा आयुष्यातील वाईट दिवसांत : बाळंतपणानंतर, लांबलेल्या तापात, घरातील मृत्यूनंतर, किंवा हातून इतके कष्ट होत असतात की आठवडेच्या आठवडे फणी फिरत नाही तेव्हा. केसाच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक खवले असतात. घाम, तेल, धूळ आणि उवा यांमुळे हे खवले एकमेकांत अडकत जातात आणि लोकर दाबून नमदा व्हावा तसा केसांचा गठ्ठा होतो. या टप्प्यावर भरपूर तेल, जाड दातांचा कंगवा आणि एखादी धीराची शेजारीण एवढ्यावर काम भागते. पण नेमके तेव्हाच कोणीतरी ‘देवी आली’ असे म्हणते. त्या क्षणापासून कंगवा उचलून ठेवला जातो, जटेला भंडारा आणि हळदीकुंकू वाहिले जाते, ती ओली करायची की नाही याचे नियम सुरू होतात, आणि कापली तर डोळे जातील, घरातला माणूस दगावेल, असे धाक घातले जातात. किलो-दीड किलोचे ओझे मानेवर घेऊन बाई एका कुशीवर झोपायला शिकते. खाली त्वचेवर जखमा होतात, वास येतो, आणि जी माणसे मंगळवारी-शुक्रवारी जटेला नमस्कार करतात तीच एसटीत उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा होती तेव्हा लहान मुलीच्या केसांतील गुंता हे देवीचे बोलावणेच समजले जाई. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. जटेचा धाक मात्र कायद्याच्या आधी होता तसाच नंतरही अनेक घरांत राहिला.

हा धाक देवीचा नाही, हे पटवून घ्यायचे असेल तर थोडे लांब, पोलंडमध्ये जाऊन यावे. तिथे यल्लम्मा नाही आणि रेणुकाही नाही. तरीही तिथल्या शेतकऱ्यांत अशी जट इतकी आढळत असे की वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत या गुंत्याला पोलंडचेच नाव मिळाले. शरीरातील रोग या जटेत उतरतो, ती कापली तर माणूस आंधळा होतो किंवा त्याला वेड लागते, असे तिथेही मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव्हमधील डॉक्टर युझेफ डिटल यांनी याविरुद्ध मोहीम चालवली. तेव्हा म्हणे, सरकार आता जटेवर कर बसवणार अशी आवई उठली आणि काहींनी त्या धास्तीने जटा उतरवल्या. हजारो कोस दूर, दुसऱ्या धर्मात, दुसऱ्या भाषेत, पण डोळे जाण्याचा धाक मात्र अक्षरशः तोच. तुमच्या मनात जे ‘अशुभ’ येते, त्याची जातकुळी ही आहे.

यावर तुम्ही म्हणाल की माझी जट आपोआप आलेली नाही, मी ती निवडली आहे. क्रोशाच्या सुईने, पैसे मोजून, डोळसपणे करून घेतली आहे. हा फरक मोठा आहे आणि तो मला मान्यच आहे. मात्र निवड करताना एक दार आत जाण्याचे असते तसे एक बाहेर येण्याचेही असावे लागते, आणि तुमच्या पत्रात हे दुसरे दार मला कुठे दिसले नाही. ज्या परंपरांचा तुम्ही दाखला देता, त्यांत ते आहे. वाल्मीकि रामायणात वनवासाला निघालेले राम आणि लक्ष्मण गंगेच्या काठी, निषादराज गुह याच्या गावी, वडाचा चीक आणवून एका बैठकीत जटा करतात (हरमलच्या सलूनला इतका जुना पूर्वज असेल असे तुम्हाला वाटले नसेल) आणि चौदा वर्षांनी परत आल्यावर, राज्याभिषेकापूर्वी, नंदिग्रामात त्या उतरवून स्नान करतात. भरतही तोवर जटाधारीच होता. त्याच्याही जटा तिथेच उतरतात. जटा हे व्रत होते, त्याला कारण होते आणि मुदत होती. मुदत संपली तेव्हा कोणाला अशुभाची शंका आली नाही. उलट तोच मंगल दिवस होता. कुंभमेळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरला दिसणाऱ्या ज्या नागा साधूंच्या जटांकडे आपण भक्तीने पाहतो, त्यांच्या दीक्षेची सुरुवात मुंडनाने होते. आणि तुम्ही ज्यांची उपासना करता त्या महादेवांनी तर सतीच्या देहत्यागाची वार्ता ऐकून स्वतःची जट उपटून जमिनीवर आपटली, तीतून वीरभद्र निघाला, अशी पुराणकथा आहे. जटेला हात लावू नये, हा नियम महादेवांनी पाळलेला दिसत नाही.

रास्ताफारींविषयी तुम्ही मनापासून लिहिले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. २ नोव्हेंबर १९३० रोजी रास तफारी माकोनेन हे हाइले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून अभिषिक्त झाले, आणि गुलामगिरीचा वारसा सोसणाऱ्या जमैकातील कृष्णवर्णीय गरिबांपैकी काहींना त्यांच्यात आपला तारणहार दिसला. पंथाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. जटा मात्र पंथात पहिल्या दिवसापासून सर्वांच्या डोक्यावर नव्हत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तरुण अनुयायांच्या गटांनी त्या रूढ केल्या, आणि आजही प्रत्येक ‘रास्ता’ (या पंथाचा अनुयायी) जटा ठेवतोच असे नाही. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाजीर व्रताचे नियम आहेत. व्रत चालू असेपर्यंत डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही, या नियमाचा ते आधार घेतात. तोच अध्याय आणखी थोडा पुढे वाचला तर असे दिसते की व्रताचे दिवस भरले की नाजीराने डोके मुंडवायचे आणि ते केस अर्पणाच्या अग्नीवर ठेवायचे असतात. म्हणजे तिथेही बाहेर येण्याचे दार आहे, आणि ते पवित्र मानलेले आहे.

आपल्याकडचा एक धागाही या कथेत आहे. १८४५ पासून भारतातून मजूर करारावर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. गांजा हा शब्द आणि चिलीम ही वस्तू तिथे त्यांच्याबरोबर गेली. जटांची कल्पनाही आपल्या साधूंवरून गेली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. ते सर्वमान्य नाही, आणि मला स्वतःला त्या दाव्यात आपली पाठ थोपटून घेण्याचा भाग अधिक वाटतो. कारण जमैकात जटेला जो अर्थ मिळाला तो तिथल्या लोकांनी अंगावर वळ घेऊन मिळवलेला आहे. ‘ड्रेड’ या इंग्रजी शब्दातच धास्ती आहे. जटाधारी माणसाला काम मिळत नसे, पोलीस त्याला वाटेत अडवत. एप्रिल १९६३ मध्ये मॉन्टेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स येथे एका हिंसक घटनेनंतर दिसेल त्या रास्ताची धरपकड झाली, मारहाण झाली आणि अनेकांच्या जटा जबरदस्तीने कापल्या गेल्या. त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१७ मध्ये. तुमच्या कार्यालयात तुम्हाला कोणी हटकले नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ही खूण डोक्यावर बाळगण्याची जी किंमत इतरांनी मोजली ती तुम्हाला मोजावी लागलेली नाही, याची जाण असावी. परक्यांची खूण अंगावर घेऊच नये, असे माझे मत नाही. केस तुमचे आहेत. मात्र खूण उसनी घेतली की तिच्याबरोबर तिचा इतिहासही येतो, आणि तुमच्या बाबतीत तर तो दोन बाजूंनी येतो : एक जमैकातून आणि एक आजोळातून. तुम्ही पहिला वाचून काढलात. दुसऱ्यावर पत्रात एक ओळ आहे.

ती ओळ एसटीची आहे, आणि मला ती पत्रातील सर्वांत महत्त्वाची वाटली. आजीच्या शेजारी कोणी बसत नसे, हे तुम्हाला कळले ते आईकडूनच असणार. मग त्या एसटीत आजीच्या शेजारी खरोखरच कोणी नव्हते का? बहुधा एक लहान मुलगी होती आणि ती तुमची आई होती. आईचा विरोध म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ एवढेच, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. स्वतःच्या आईच्या डोक्यावरील ओझे तिला लहान हातांनी उतरवता आले नाही, आणि आता मुलीच्या डोक्यावर तेच रूप, मुलीने हौसेने करून घेतलेले, ती रोज पाहते आहे. तुम्ही ‘शिव’ म्हणता तेव्हा तिला काय आठवत असेल, हे तुम्ही तिला एकदाही विचारलेले दिसत नाही. म्हणून माझी पहिली सूचना ही, की पुढचे काही दिवस आईशी तुमच्या केसांविषयी बोलू नका, आजीविषयी बोला. जट केव्हा आली, तेव्हा घरात काय चालले होते, पहिल्यांदा ‘देवी’ हा शब्द कोणी उच्चारला, कापावी असे कोणाला कधी वाटले होते का, आजी स्वतः काय म्हणत असे, हे सारे विचारा आणि मध्ये स्वतःची बाजू मांडू नका. आजीची श्रद्धा खरी नव्हती, असे मी म्हणत नाही. कदाचित त्या जटेमुळेच घरात तिच्या शब्दाला थोडे वजन आले असेल, तेही आई सांगेल. अशा बायांना जट हे कधी ओझे होते, तर कधी तोच एकमेव मान होता, आणि हे दोन्ही एकाच डोक्यावर असत.

दुसरी सूचना भीतीविषयी आहे. ठेवायचे की कापायचे, हा निर्णय भीती असताना घेऊ नका, कारण त्या अवस्थेत ‘ठेवते’ म्हणालात तरी ती तुमची निवड नसेल. एक साधा उपाय करून पाहा. कोणताही मुहूर्त न पाहता, एखाद्या कामाच्या दिवशी, मानेजवळची मागची एकच जट स्वतःच्या हाताने कापा. दुखणार नाही, केसाला संवेदना नसते. ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि महिनाभर आपली उपासना जशी चालते तशीच चालू द्या. त्या महिन्यात सर्दी होईल, गाडी पंक्चर होईल, साहेब रागावतील, कारण ते एरवीही होतच असते, आणि प्रत्येक वेळी मन त्या कापडाकडे धावते का, हे तुम्हाला दिसेल. धावत असेल तर भीती अजून आहे, आणि तिच्याकडे आधी पाहायला हवे. वडिलांच्या जाण्याशी तिचा संबंध असावा, असा माझा अंदाज आहे : एक माणूस गेले, आता आणखी काही तुटायला नको, असे मनाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ते दुःख जटांत बांधून ठेवण्यापेक्षा कोणाजवळ तरी बोलून दाखवावे. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जाण्यातही कमीपणा नाही.

भीती गेल्यावरही ठेवाव्यात असे वाटले तर खुशाल ठेवा. मात्र त्यांना रामाच्या जटांसारखी मुदत द्या : अमुक एका दिवसापर्यंत, अमुक कारणासाठी, आणि तो दिवस आल्यावर पुन्हा नव्याने ठरवायचे. आरोग्याचेही सांभाळा. धुतल्यावर मुळापर्यंत वाळवल्याशिवाय बांधू नका, ओल्या जटांत बुरशी धरते. मुळे सारखी घट्ट पिळून घेतल्यास कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. आणि एक खासगी प्रश्न, उत्तर मला कळवण्याची गरज नाही : आरशापुढचा वेळ वाचावा म्हणून केलेल्या या जटांसाठी महिन्याला किती वेळ आणि किती पैसे जातात?

ज्यांच्या घरात आजही कोणाला आपोआप जट आलेली आहे, अशा वाचकांसाठी इथेच सांगते. नवी, लहान जट तेल लावून, टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी सोडवता येते. जुनी कापावी लागते. उवा किंवा जखमा असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, ज्या मूळच्या ब्युटी पार्लर चालवणाऱ्या, शेकडो महिलांच्या जटा त्यांच्या संमतीने सोडवल्या आहेत. संमती हा शब्द महत्त्वाचा आहे. बाई झोपेत असताना किंवा चारचौघांत धरून कात्री चालवणे म्हणजे कोरल गार्डन्सच्या पोलिसांचे काम करणे होय, मग हेतू कितीही सुधारणेचा असो. आणि ज्यांची मुले शहरात जटा करून घरी आली आहेत त्या आईवडिलांनीही, पहिल्याच दिवशी न्हाव्याचा विषय न काढता, ‘कशासाठी केल्यास?’ एवढे विचारून उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.

आता चैत्रातल्या त्या प्रसंगाकडे येते, कारण या पत्रात मला खरी अडचण तिथे वाटते. केस ठेवावेत की नाहीत याबाबत मी तुम्हाला मोकळीक देऊ शकते. त्या बाईंच्या पुढ्यात गप्प उभे राहण्याबाबत देऊ शकत नाही. तुम्ही त्यांची फसवणूक केली नाहीत, हे खरे. पण ज्या शांततेमुळे आजीच्या डोक्यावरचा गुंता देवी झाला, ती अशाच भल्या माणसांची होती, ज्यांना त्या क्षणी काही बोलता आले नाही. ‘माझा अर्थ माझ्यापुरता आहे’ हे पुण्यात चालते. आजोळच्या अंगणात त्या जटांचा अर्थ तुमच्या आधी ठरलेला आहे, आणि तुम्ही बोलला नाहीत तर तोच खरा धरला जाईल. त्यामुळे यापुढे कोणी वाकले तर चटकन हात धरून उठवा आणि सरळ सांगा, “मावशी, ही देवीची जट नव्हे, गोव्यात दुकानात जाऊन करून घेतली आहे.” हळदीकुंकू बायकांना लावतात तसे कपाळाला लावून घ्या, केसांना नको. पैसे, तांदूळ, ओटी यांतले काही घेऊ नका. हे सांगताना हसू नका आणि भाषणही देऊ नका. शक्य असेल तर हे बोलताना आई शेजारी असू द्या. तिने हे वाक्य ऐकणे तुमच्या दोघींसाठी कात्रीपेक्षा उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. त्या बाईंनी विचारले होते ते नातवाविषयी. तो आता कसा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. पुढचा चैत्र येईपर्यंत थांबू नका. आईकडून शेजाऱ्यांचा फोन नंबर घ्या, त्या बाईंना फोन लावा आणि आपल्या केसांचे जे काही सांगायचे ते सांगण्याआधी, मुलाला दवाखान्यात नेले होते का आणि डॉक्टर काय म्हणाले, एवढे विचारा.